ओल भिंतीत, खोकला छातीत

मृग तोंडावर आला आहे. आमच्या पाटण-जावळीकडच्या गावांत सध्या घरे शाकारण्याची घाई चालू आहे. कुणी कौले परततो आहे, कुणी पत्र्याचे खिळे ठोकतो आहे, कुणी सरपण कोरड्यात रचून ठेवतो आहे. ही लगबग पाहिली की मला दरवर्षी एका पाच वर्षांच्या मुलीची आठवण होते. म्हणून आज नेहमीप्रमाणे एखाद्या रोगाविषयी न लिहिता घराविषयी लिहिणार आहे. "डॉक्टर, घर हा काय तुमचा विषय आहे का?" असे कुणी विचारील. पंचवीस वर्षे दवाखाना चालवल्यावरही माझा समज तोच होता. तो कसा गेला, ते सांगतो.

"औषध लागू पडतंय, घर लागू पडंना"

गोष्ट २०२२ सालच्या पावसाळ्यातली. ही मुलगी जूनपासून दर दहा-पंधरा दिवसांनी दवाखान्यात येत होती. सर्दी, रात्रीचा खोकला, छातीत घरघर, धाप. मी नेब्युलायझरची वाफ द्यायचो, बाटली लिहून द्यायचो. खरे सांगायचे तर काही वेळा गरज नसतानाही अँटिबायोटिक लिहिले. चार दिवस बरे वाटायचे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोनदा तिला साताऱ्याला दाखल करावे लागले. वडील गवंडी, आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. पोरीला घेऊन येणे हे आजीचे काम.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी मी जरा वैतागूनच आजींना म्हणालो, "आजी, औषध वेळेवर देता ना?"

आजींनी पदराने पोरीचे नाक पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, औषध लागू पडतंय, घर लागू पडंना. दिवाळीत, उन्हाळ्यात मामाकडं दहिवडीला जाती तवा पोर खणखणीत असती. हितं आली की चार दिसांत छाती वाजाया लागती."

मी खुर्चीत सावरून बसलो. आपला जिल्हा एकच, पण त्यात दोन मुलुख आहेत. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास. मुलगी तीच, खाणेपिणे थोड्याफार फरकाने तेच, फक्त घर बदलले की खोकला जातो. कॉलेजातल्या कोणत्याही प्राध्यापकाने याहून स्वच्छ निदान करून दिले नसते. तीन वर्षे मी त्या मुलीची छाती तपासत होतो. ती रात्री कुठे झोपते, हे मात्र एकदाही विचारले नव्हते.

त्याच संध्याकाळी दवाखाना आटोपून मी त्यांच्या घरी गेलो.

घराची तपासणी

घर ओढ्याच्या अंगाला, दोन खणांचे. पुढची बाजू कौलारू, मागे पत्रा. भिंती दगड-मातीच्या. दारातून आत पाऊल टाकले आणि पायाला गारवा झोंबला. सारवलेली जमीन इतकी ओली की पायाचा ठसा उमटावा. मागच्या भिंतीवर गुडघ्यापासून कमरेपर्यंत काळपट-हिरवी बुरशी, त्याखाली लोणा लागून पोपडे आलेले. कोपऱ्यात घरातच न्हाणी. चुलीवर बांधलेल्या वलणीवर पाच माणसांचे ओले कपडे. मिठाच्या बरणीत पाणी, काड्यापेटी ओढली तर गूल निघून यावे अशी. आणि त्या बुरशीच्या भिंतीला अगदी चिकटून, जमिनीवर, मुलीचे अंथरूण. वाकळ हातात घेतली तर जड लागली, वासही कुबट. "दोन महिनं ऊन न्हाई, कुठं वाळवू?" आई म्हणाली. तिचे खोटे नव्हते.

वडील कामावरून आले. दुसऱ्यांचे बंगले बांधणारा हा माणूस आपल्या भिंतीकडे पाहायला लाजत होता. "साहेब, गेल्या वर्षी पैसं खरचून आतनं सिमेंटचा गिलावा केला. कमरंपातूर. तर ओल आणखीच वर चढली." त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता. खरे तर अपराध त्यांचा एकट्याचा नव्हता. त्याचे कारण पुढे सांगतो.

ओलीने आजार कसा होतो?

"ओल बाधली" असे आपल्या आज्या म्हणत. त्यात तथ्य आहे, फक्त ते जरा उकलून सांगायला हवे.

ओलसर भिंतीवर बुरशी वाढते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात आणि श्वासाबरोबर छातीत जातात. दमट अंथरुणात धुळीतले अतिसूक्ष्म किडे पोसले जातात. त्यांच्या विष्ठेची अनेकांना ॲलर्जी असते. ज्या मुलाच्या श्वासनळ्या मुळात हळव्या, त्याच्या नळ्या या कणांनी सुजतात, आकसतात आणि छाती वाजू लागते. त्यात गार हवेची भर पडली की नळ्या आणखी आवळतात. म्हणून हा खोकला पहाटे तीन-चारला जोर करतो.

म्हाताऱ्या माणसांचे निराळे. थंडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. सांधे आखडतात. ओले कपडे अंगावर वाळवणाऱ्यांना जांघेत, काखेत नायटा होतो आणि घरभर पसरतो. नवजात बाळाला तर अंगातली ऊब टिकवताच येत नाही. ते गार पडले की दूध ओढत नाही, आणि दूध न मिळाल्याने आणखी गार पडते.

हे केवळ माझे मत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशीविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. २०१८ च्या मार्गदर्शिकेत थंड हवेच्या प्रदेशांत हिवाळ्यात घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे सांगितले आहे. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बाळ दगावले. २०२२ मध्ये चौकशी होऊन निष्कर्ष निघाला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संसर्गाने त्याच्या श्वसनसंस्थेवर घाला घातला होता. आईबापांनी तक्रारी करूनही दुरुस्ती झाली नव्हती. त्या बाळाच्या नावाने पुढे तिथे कायदा झाला. आपल्याकडे अशी किती बाळे "न्यूमोनियाने गेली" एवढ्याच नोंदीवर संपली असतील, याचा विचार मनात येतो आणि पुष्कळ जुने चेहरे आठवतात.

पाणी येते कुठून?

ओलीवर उपाय करण्याआधी तिची वाट शोधावी लागते. वाटा तीनच.

पहिली वाट वरून आणि बाजूने. फुटके कौल, सरकलेला पत्रा, भिंतीवर मारणारी झड आणि वळचणीच्या पागोळ्या. पागोळ्या भिंतीच्या मुळाशी पडतात, पाणी उडून भिंतीवर बसते आणि तिथेच मुरते. दुसरी वाट खालून. जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे भिंतीतून वर चढते. जोते बुटके असेल, मागे डोंगराचा उतार असेल किंवा भिंतीलगत गोठा नाहीतर न्हाणी असेल, तर ही ओल हटत नाही. तिसरी वाट आतून. स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, वलणीवरचे कपडे आणि आपला श्वास. ही वाफ गार भिंतीवर किंवा पत्र्यावर आदळून तिचे पाणी होते. पहाटे पत्र्यातून टपटप अंगावर पडते ते नेहमी पावसाचेच नसते.

आपली वाट कोणती, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. वीतभर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद ओल्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडे, पाणी साचले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला दव आले तर ती घरातली वाफ आहे. त्या घरात दोन्हीकडे पाणी निघाले.

आता त्या सिमेंटच्या गिलाव्याचे. दगड-मातीची भिंत श्वास घेणारी असते. तिच्यात शिरलेले पाणी तिच्या अंगातूनच सुकून जाते. त्यावर सिमेंटचा घट्ट थर दिला की पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. मग ते गिलाव्याच्या आडून वर वर चढते. पूर्वीचे लोक मातीच्या भिंतीला माती-शेणाचे लिंपण आणि वर चुना देत, ते उगीच नव्हे. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय वरून केलेला कोणताही लेप म्हणजे वाहत्या जखमेवर पट्टी.

आधी फुकटचे उपाय

भर पावसात छपराला हात घालता येत नाही. म्हणून आम्ही ऑगस्टमध्ये जे बिनपैशाचे होते ते आधी केले.

मुलीचे अंथरूण भिंतीपासून हातभर दूर, बाजल्यावर नेले. भिंतीची बुरशी वडिलांनी नाकाला ओला रुमाल बांधून साबणाच्या पाण्याने पुसली. मुलीला त्या दिवशी शेजारी ठेवले होते. बुरशी कोरडी खरवडू नये, कण घरभर उडतात. ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरायचे तर दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दमेकऱ्याला घराबाहेर ठेवावे, आणि त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

आंघोळ बाहेरच्या पडवीत सुरू झाली. कपडेही तिकडेच, वाऱ्यावर. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक होताना आणि पाऊस उघडला की पंधरा मिनिटे समोरासमोरची दार-खिडकी उघडायची असे ठरले. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आषाढ-श्रावणात बाहेरची हवासुद्धा पाण्याने भरलेली असते. त्यामुळे दिवसभर खिडकी उघडी ठेवून घर वाळेल अशी आशा करू नये. वाफ तयार होते त्या वेळी तिला बाहेर घालवणे एवढाच हेतू. वडिलांनी पागोळ्यांखाली दोन दिवसांत चर खणला, उतार ओढ्याकडे काढला आणि तळाशी फुटके दगड घातले. मागच्या बाजूला डोंगराचे पाणी अडवायला दुसरा चर हवा होता. तो आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी एका रविवारी खणून दिला.

औषधही बदलले. बाटल्या कमी केल्या आणि मुलीला रोज घ्यायचा पंप सुरू केला. "पंपाची सवय लागती म्हनं," आजींची शंका. सवय लागत नाही. औषध थेट श्वासनळीत जाते, त्यामुळे ते थोडेच पुरते. घर सुधारले म्हणून पंप आपल्या मनाने बंद करू नये, आणि पंप चालू आहे म्हणून घराकडे दुर्लक्षही करू नये.

माझी चूक

आता जे लिहितो ते लिहायला बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे.

पावसाळा सरला, डिसेंबरात थंडी पडली. आमच्या खोऱ्यात पहाटे चांगलेच काकडायला होते. मी त्यांना म्हणालो, "फटी बुजवा, वारा अडवा, घर उबदार ठेवा." त्यांनी मनापासून ऐकले. कौलांखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या, खिडकीला पोते लावले. जानेवारी २०२३ मधल्या एका रात्री फारच गारठा होता. पोरीला ऊब मिळावी म्हणून आजींनी कोळशाची पेटती शेगडी आत घेतली, दार लावले आणि सगळे झोपले.

पहाटे आईला जाग आली ती डोके फुटेल अशा वेदनेने. उठायला गेली तर पाय लटपटले. तिने कसेबसे दार उघडले, पोरांना ओढून अंगणात आणले. आजी हाक मारून उठेनात. वडिलांनी त्यांना उचलून बाहेर आणले. मला बोलावणे आले. जीपमधून आम्ही त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले. तीन-चार तास प्राणवायू दिल्यावर त्यांनी डोळे उघडले. दोन दिवसांनी त्या घरी आल्या. आई पाच मिनिटे उशिरा जागी झाली असती, तर मी आज हा लेख लिहायला धजलो नसतो.

बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी आणि झोपेतच शेवट. शेगडीशेजारी पाण्याची वाटी ठेवली किंवा तुळशीचे रोप ठेवले म्हणजे काही होत नाही, हा निव्वळ भ्रम आहे. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले तर आधी सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, मग काय ते पाहा.

मी फटी बुजवा म्हणालो. वरचा झरोका उघडा ठेवा आणि विस्तव घेऊन झोपू नका, हे सांगायला विसरलो. अर्धा सल्ला हा न दिलेल्या सल्ल्याहून वाईट. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक घराला मी हे एक वाक्य सांगतोच: पेटती शेगडी घेऊन कधीही झोपू नये.

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेक-शेगडीलाही हाच नियम. दारे लावून शेक आणि धुरी देण्याची आपली जुनी चाल बाळाच्या कोवळ्या छातीला घातक आहे. बाळाला ऊब हवी तर त्याला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवा, डोक्याला टोपडे घाला आणि वरून दोघांना मिळून पांघरूण द्या. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. आता ती जगभर 'कांगारू पद्धत' म्हणून मान्य झाली आहे. आईच्या छातीहून सुरक्षित शेगडी नाही, आणि तिला पैसेही पडत नाहीत.

चूल की गॅस?

"गॅस असताना चूल कशाला?" असा प्रश्न शहरातली मंडळी विचारतात. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर आमच्याकडे घरोघर शेगड्या पोचल्या. तरी पावसाळ्यात चुली पेटतातच. कारण चूल नुसते अन्न शिजवत नाही. ती घर उबवते, कपडे वाळवते, सरपण सुकवते, म्हातारीचे हातपाय शेकते. आणि सिलिंडरचे पैसे एकदम मोजावे लागतात, सरपण रानात मिळते. हे समजून न घेता नुसते "चूल सोडा" म्हणणे व्यर्थ.

पण धुराचे मोलही कळले पाहिजे. आमच्या दवाखान्यात चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बायका येतात, ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही, तरी त्यांची छाती विडी ओढणाऱ्यासारखी झालेली असते. ती चुलीच्या धुराची करणी. म्हणून निदान सकाळचा चहा, दूध, बाळाचे पाणी एवढे तरी गॅसवर करावे. चूल पेटवायचीच तर धुराडे हवे. धुराड्याची काजळी महिन्यातून एकदा झाडावी, नाहीतर धूर पुन्हा घरातच. लहान मूल पाठीशी बांधून चुलीपुढे बसू नये.

माळा का होता?

मे २०२३ मध्ये त्यांनी घराला हात घातला. आजींनी वर्षभराची औषधांची बिले एका पिशवीत जपून ठेवली होती. आम्ही दोघांनी बसून बेरीज केली. बिले, दोनदा दवाखान्यात दाखल, जीपभाडे आणि बुडालेली मजुरी मिळून २०२२ मध्ये अठरा हजारांवर रुपये गेले होते. दुरुस्तीचा अंदाज काढला तो नऊ हजार सातशे, मजुरी घरचीच धरून. पाच हजार आईने बचत गटातून उचलले. बाकीचे वडिलांनी दोन हप्त्यांत घातले.

कौले परतली, फुटकी बदलली. वळचण हातभर पुढे काढली. सिमेंटचा गिलावा उतरवला, भिंत महिनाभर उन्हाळ्यात वाळू दिली, मग चुना-वाळूचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. जमीन खणून खाली वाळू-मुरूम, वर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर कोबा. पत्र्याखाली टीचभर पोकळी ठेवून बुरुडाकडच्या बांबूच्या तट्ट्या बसवल्या. मधल्या कोंडलेल्या हवेमुळे आतला गारवा कमी झाला आणि पहाटेची टपटप थांबली.

न्यूझीलंड देशात असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. तिथे गरीब वस्त्यांतल्या सुमारे साडेतेराशे कुटुंबांची लाकडी, गार घरे निवडली आणि छताला व जमिनीला ऊब धरून ठेवणारे अस्तर लावले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झोपायच्या खोलीचे तापमान वाढले ते जेमतेम अर्धा अंश, पण घर कोरडे झाले, छातीची घरघर कमी झाली आणि आजारपणामुळे मुलांची शाळा बुडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

हे वाचताना मला आमच्या आजोळचा माळा आठवला. कौलांखाली लाकडी माळा, त्यावर भाताचा पेंढा. त्या पेंढ्याने अस्तराचेच काम केले. घरे पत्र्याची झाली, माळा गेला, ऊबही गेली. आता पेंढा भरा असे मी सांगणार नाही. आगीचा आणि उंदरांचा धोका असतो, आणि ओला होऊन कुबट झालेला पेंढा तर स्वतःच छातीचा शत्रू. पण पत्र्याखाली काहीतरी आडोसा हवा, एवढे तत्त्व लक्षात ठेवावे.

नवे घरकुल बांधताना

२०१६ पासून केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागातील घरासाठी एक लाख वीस हजार आणि डोंगरी भागासाठी एक लाख तीस हजार रुपयांचे साहाय्य ठरले. राज्याच्या रमाई, शबरी यांसारख्या योजनाही आहेत. ग्रामसेवकाकडे चौकशी करावी, यादीत नाव नसेल तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्यावा. पण सिमेंटचे घर म्हणजे कोरडे घर असे समजू नका. जोते दोन फूट तरी उंच घ्या. जोत्यावर ओल अडवणारा थर घातल्याशिवाय भिंत वर नेऊ देऊ नका. स्लॅबला उतार द्या, खिडकीवर छज्जा आणि छताजवळ झरोका ठेवा. न्हाणी झोपायच्या खोलीला लागून नको. या गोष्टी बांधतानाच स्वस्त पडतात, नंतर नाही.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचा प्रश्न अवघड आहे, हे मी जाणतो. मालकाला बोलवून प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा दाखवावी. ओलीने त्याचीही भिंत खचते आहे, हे पटले तर काम लवकर होते.

मृगाआधीचे काम

वाचकांनी येत्या आठवड्यात एवढे तरी करावे. सगळी अंथरुणे-पांघरुणे दोन दिवस कडक उन्हात टाकावीत. कौले, पत्रे, वळचण पाहून घ्यावी. पागोळ्यांखालचा चर उकरून मोकळा करावा. ज्या भिंतीला दरवर्षी ओल येते तिला लागून कुणाचे अंथरूण, पेटी किंवा धान्याची कणगी ठेवू नये. पावसाळ्यात कपडे वाळवण्यासाठी पडवीत किंवा वळचणीखाली वेगळी जागा करावी. सरपण आताच कोरडे करून झाकावे, ओले लाकूड दुप्पट धूर करते.

आणि मूल आजारी पडले तर वाट पाहू नये. मूल शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाचे मूल ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांचे मूल ४० किंवा अधिक वेळा श्वास घेत असेल तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, ओठ निळसर पडले असतील, तर रात्र असली तरी थांबू नका.

ती मुलगी आता शाळेत जाते. दमा तिचा गेला, असे मी म्हणणार नाही. पंप चालू आहे. २०२२ च्या पावसाळ्यात ती माझ्याकडे अकरा वेळा आली होती, २०२४ च्या पावसाळ्यात तीन वेळा. दाखल करण्याची वेळ पुन्हा आली नाही. तिच्या वडिलांना गावात आता आणखी एक काम मिळू लागले आहे. लोक त्यांना ओल पाहायला बोलावतात. जाताना ते खिशात प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी घेऊन जातात. लाजत नाहीत.

मी मात्र माझ्या केसपेपरात एक रकाना वाढवला आहे. वय, वजन, ताप, खोकला यांच्या खाली लिहितो: 'घर कोरडे की ओले? झोपतो कुठे?' पंचवीस वर्षांपूर्वीच तो आखला असता तर बरे झाले असते.